थोरल्या मुलांनी शिकविलेला नियम



एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलास गुरुजींच्या आधी वरच्या वर्गातील मुले शिकवितात, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे. ओळीत कसे उभे राहावे, पाढे कोणत्या सुरात म्हणावे, हे त्याला थोरल्या सोबत्यांकडूनच मिळते. हजेरीच्या वेळी ‘हजर’ऐवजी ‘हजार’ असे ओरडणारे मूल अशाच ऐकण्यातून तयार होते. ती चूक वयाबरोबर जाते. काही गैरसमज मात्र खोल रुजतात.

वऱ्हाडातील एका खेड्यात दुसरीचा वर्ग मजकडे असताना मी मुलांना ‘माझे घर’ या विषयावर चार वाक्ये लिहावयास सांगितली. एका मुलाने लिहिले, ‘माझी माळ शेतात जाते. आमची गाळ पांढरी आहे.’ वाचन होताच शेजारी बसलेली चौथीची मुले हसली. मूल रडवेले झाले; आणि मीही त्याला प्रथम निष्काळजी ठरविले, हे कबूल केले पाहिजे. मधल्या सुटीत जवळ घेऊन विचारले, तेव्हा उलगडा झाला. हसणाऱ्यांपैकीच एकाने त्याला बजावले होते, “शायेत ‘य’ नाही म्हनाचा, ‘ळ’ म्हनाचा.” (नियम सांगतानाही शाळेची ‘शाया’च राहिली होती!) धाकट्याने तो नियम मन लावून पाळला, इतकाच त्याचा अपराध.

वऱ्हाडी बोलीत प्रमाण भाषेतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. डोळा ‘डोया’ होतो, काळा ‘काया’ होतो. ही मुलाच्या घरची भाषा आहे. तिला अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही. परंतु माय, गाय, पाय या शब्दांतील ‘य’ प्रमाण भाषेतही ‘य’च आहे. दोन्ही ‘य’ कानाला सारखेच. त्यांतील कोणता बदलावा हे मुलास केवळ ऐकून कळणे शक्य नाही. थोरल्यांचा नियम अर्धा खरा असतो, म्हणूनच तो अधिक फसवितो. जेथे पाण्यास ‘पानी’ म्हणतात, तेथील एखादे मूल याच रीतीने नदीची ‘णदी’ करते. वस्तुतः ‘ण’ने आरंभ होणारा शब्द मराठीत नाही.

शिक्षकाने स्वतःपुरती एक खूण ध्यानात ठेवावी. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत बहुधा ‘ळ’ होतो : फल–फळ, माला–माळ, शाला–शाळा. ‘माय’ मातेपासून व ‘पाय’ पादापासून आला. तेथे ‘ल’ नव्हताच. मुलांना मात्र ही व्युत्पत्ती सांगू नये. फळ्यावर दोन रांगा आखाव्यात. घरी आणि पुस्तकात सारखेच असणारे शब्द एकीत, निराळे असणारे दुसरीत. शब्द मुलांकडूनच घ्यावेत, आणि “तुमच्या घरी काय म्हणतात?” हा प्रश्न कुतूहलाने विचारावा, थट्टेने नव्हे. बालशिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली. वर्गातील हशा मात्र आपणच आवरला पाहिजे.

त्या आठवड्यात फळ्यावरील रांगा लिहिण्याचे काम मी नियम सांगणाऱ्या चौथीतील मुलाकडेच सोपविले. दहा-बारा शब्द त्याने भराभर लिहिले. ‘साय’ या शब्दापाशी खडू थांबला. बराच वेळ विचार करून त्याने मागे वळून धाकट्यालाच विचारले, “तुही माय दुधावरच्याले काय म्हनते रे?”