डॉक्टर काय बोलले, ते तिला कळलं का?

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटात, नाहीतर गल्लीत, ऐकू न येणारी किंवा कमी ऐकू येणारी बाई कोण आहे ते आठवा. गाव तिला 'मुकी', 'भयरी' म्हणूनच ओळखत असेल. ती हप्ता वेळेवर भरते, रजिस्टरवर सही किंवा अंगठा करते. पण बैठकीत काय ठरलं ते तिला कुणी सांगतं का? दवाखान्यातही तिचं असंच होतं, आणि तिथं ते जिवावर बेतू शकतं.

केसपेपर काढला की नावाचा पुकारा होतो. तो तिला ऐकू येत नाही, नंबर निघून जातो. आत गेल्यावर डॉक्टर बोलतात ते सोबतच्या सासूशी, नाहीतर नवऱ्याशी. दुखतंय हिला आणि सांगतंय दुसरंच कुणी. अंगावरून पांढरं जातंय, लघवीला जळजळ होतेय, नवरा मारतोय, हे ती त्यांच्याच देखत खुणेनं तरी कसं सांगणार?

'लिहून दाखवा की,' असं कुणी म्हणेल. शिकलेल्या बाईला ते चालतं. पण खेड्यातल्या कितीतरी बहिऱ्या बाया शाळेतच गेल्या नाहीत. सांकेतिक भाषाही त्यांना कुणी शिकवलेली नसते. त्यांच्या खुणा घरच्या, आई-बहिणीसोबत तयार झालेल्या. लग्न होऊन सासरी आल्या की त्या खुणा समजणारं माणूस माहेरीच राहतं. मग काही कळलं नाही तरी बाई मान हलवते. समोरच्याला वाटतं, कळलं. या मान हलवण्यावर कधीच विसंबू नका.

ऑपरेशनच्या वेळी तर हे फारच जपायला हवं. गर्भपिशवी काढायची, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करायचं, तर संमती त्या बाईची लागते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली एका खटल्यात हे स्पष्ट केलं. भूल दिलेल्या एका बाईची गर्भपिशवी बाहेर थांबलेल्या आईला विचारून काढली होती. ती बाई बहिरी नव्हती. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान बाईच्या वतीनं आईची संमती चालत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. मग बहिऱ्या बाईच्या वतीनं नवऱ्याची तरी कशी चालेल? तिला न समजावता कागदावर अंगठा घेतला, तर ती संमती नव्हे.

आता आपण काय करायचं? तिच्या खुणा ज्या मैत्रिणीला समजतात, तिनं सोबत जावं. खिडकीवर आधीच सांगावं, 'हिला ऐकू येत नाही, नंबर आला की हात करा.' डॉक्टरांना म्हणावं, 'तिच्याकडं बघून बोला, मास्क जरा खाली घ्या.' कानाशी ओरडून उपयोग नसतो. उजेडात, समोरून, सावकाश बोललेलं जास्त कळतं. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र काढा. आणि शेवटी तिलाच करून दाखवायला लावा : कुठली गोळी, कधी, किती? बाळंतपणाचे दिवस भरत आले असतील तर १०८ ला फोन कोण करणार ते आशाताईंबरोबर आधीच ठरवा, कारण तिला स्वतःला तो करता येणार नाही. 'हिला काय कळतंय,' असं कुणी म्हटलं तर तिथंच टोका.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्यात दिव्यांगांना तपासणी आणि उपचारात प्राधान्य द्यावं असं लिहिलंय, ते बिनधास्त सांगा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाईन अर्ज भरावा लागतो, मग कानाची तपासणी होते. त्यासाठी धाराशिवला जावं लागलं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून दोघी-तिघींचे अर्ज एकदमच भरा आणि गटातली एक जण सोबत द्या. कानाचं यंत्र सरकारी योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर मिळतं. म्हातारपणामुळं कमी ऐकू येणाऱ्या सासूबाईंनाही त्या तपासणीला न्या.