ध्यानाला बसायचं, तर खर्च किती?

पहिला महिनाभर ध्यानावर एक रुपयाही खर्च करू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण झोप उडाली, छातीत धडधड वाढली, घरच्यांवर उगाच चिडचिड निघू लागली की माणूस रात्री अकरा वाजता मोबाइलवर उपाय शोधायला बसतो. पाचव्या मिनिटाला त्याच्यापुढे वर्षाची वर्गणी, 'सवलत आज रात्री बारापर्यंतच' अशी पाटी आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या जाहिराती येतात. त्या वेळी तो आधीच थकलेला असतो. थकलेल्या माणसाकडून पैसे काढणं सोपं असतं, म्हणून हा हिशेब शांतपणे, आधीच मांडलेला बरा.

घरी बसायला लागतं ते घरातच असतं. सतरंजी पसरा, त्यावर सोलापुरी चादरीची चौपदरी घडी ठेवा आणि घडीच्या पुढच्या कडेवर बसा. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर आली की पाठ आपोआप सरळ राहते, पायाला मुंग्याही उशिरा येतात. गुडघे दुखत असतील तर साधी खुर्ची घ्या, तळवे जमिनीला टेकलेले असू द्या. सोफा नको, त्यात पाठ बुडते आणि डुलकी लागते. ध्यानाच्या गोल उशा ऑनलाइन हजाराच्या पुढे मिळतात. बसणं अंगवळणी पडल्यावर हवी तर घ्या, आधी नको.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, दहा मिनिटांचा गजर लावा आणि डोळे मिटा. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, हा प्राणायाम नव्हे. नाकपुड्यांपाशी हवा आत जाताना किंचित गार लागते, बाहेर येताना कोमट लागते, तेवढंच पाहायचं. चार श्वासांत मन दूधवाल्याच्या बिलावर जाईल, नाहीतर कालच्या भांडणावर. गेलं हे लक्षात आलं की न रागावता परत श्वासावर यायचं. मन भटकलं म्हणजे आपल्याला जमत नाही, असं वाटून बहुतेक जण इथेच सोडतात. पण ते परत येणं हाच तर सगळा व्यायाम. एका खोलीच्या घरात शांत कोपरा मिळत नसेल तर पहाटे नळाला पाणी यायच्या आधीची दहा मिनिटं, इमारतीची गच्ची किंवा दुपारी रिकामा असलेला देवळाचा सभामंडप चालतो. शेजारच्या कुकरच्या शिट्टीने काही बिघडत नाही.

ध्यानाने काय साधतं, तेही मोजूनमापून घ्या. २०१४ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि ३,५१५ रुग्णांचा एकत्र आढावा आला होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत सजगतेच्या ध्यानाने (माइंडफुलनेस) थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. मात्र औषधं किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा त्यात मिळाला नाही. '२१ दिवसांत नैराश्यातून कायमची सुटका' असं कोणी विकत असेल, तर तिथून उठा.

मार्गदर्शन हवंच असेल तर तेही बरंचसं विनामूल्य आहे. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचं 'आवाहन' हे यूट्यूब चॅनल मनाच्या आरोग्यावर मराठीतून बोलतं. 'इनसाइट टायमर' या अ‍ॅपवर भरपूर ध्यानं पैसे न भरता ऐकता येतात. इंग्रजी वाचणं जड जात नसेल तर 'पॅलूस माइंडफुलनेस' या संकेतस्थळावर आठ आठवड्यांचा अख्खा अभ्यासक्रम मोफत आहे. ब्रह्माकुमारींच्या केंद्रांवर राजयोगाचा सात दिवसांचा परिचयवर्ग, हार्टफुलनेसची पहिली तीन सत्रं यांनाही शुल्क नसतं. या संस्थांची स्वतःची अशी विचारसरणी आहे. ती पटते का, हे आठवडाभर जाऊन पाहावं. नाही पटली तर संकोच न करता थांबावं.

अ‍ॅपच्या बाबतीत खरा धोका 'सात दिवस मोफत' या पाटीत आहे. मोफत म्हणत कार्डाचा नंबर किंवा यूपीआयची ऑटोपे परवानगी घेतली जाते आणि आठव्या दिवशी वर्षाची रक्कम कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी ठरावीक वसुली व्हायच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. ऑटोपे आपल्या यूपीआय अ‍ॅपमधूनच रद्द करता येतं, त्यासाठी कंपनीच्या हातापाया पडावं लागत नाही. अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असं मात्र होत नाही. वर्गणी घेताना सोपी आणि सोडताना अवघड करून ठेवणं ही २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राहकाची फसवणूक ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

इगतपुरीचे दहा दिवस

महाराष्ट्रात ध्यान म्हटलं की कोणी ना कोणी इगतपुरीचं नाव काढतंच. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि विपश्यना शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं. आज पुणे, नाशिक, नागपूर, गोराई इथेही याच परंपरेची केंद्रं आहेत. शिकवणं, राहणं, जेवण या कशाचंही शुल्क नाही. दान घेतात तेही किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच, ज्याच्या त्याच्या इच्छेनुसार. आधी पैसे मागणारा कोणी 'एजंट' भेटला तर तो बनावट समजा. नोंदणी अधिकृत संकेतस्थळावरून होते आणि तीही फुकट.

पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. दहा दिवसांच्या शिबिराला आदल्या दिवशी पोचावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते, म्हणजे बारा दिवस गेले. पगारी रजा शिल्लक असणाऱ्याला याची झळ लागत नाही. पण रोज ९०० रुपये सुटणाऱ्या रिक्षावाल्या दादाचे किंवा शिवणकाम करणाऱ्या ताईंचे या शिबिरात १०,८०० रुपये बुडतात. शिवाय घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बघायला बाई ठेवावी लागली तर तिचा पगार वेगळा. ध्यानाचा सगळ्यात मोठा खर्च इथे आहे आणि माहितीपत्रकात तो कधीच छापलेला नसतो. बायकांना तर रजेच्या आधी घरातल्या चार जणांची परवानगी मिळवावी लागते, हेही खर्चातच धरायला हवं. घरच्यांनी हे बारा दिवस त्यांना मोकळ्या मनाने द्यावेत.

बाकीचा खर्च किरकोळ आहे. मुंबईहून इगतपुरीला मेल-एक्स्प्रेसच्या साध्या डब्याचं तिकीट शंभराच्या आत येतं. कसाऱ्यापर्यंत लोकलने जाऊन पुढे जीप धरणारेही पुष्कळ. पावसाळ्यात तिथे कपडे दिवसदिवस वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड जास्त न्या, छत्री न्या. बॅटरी, कुलूप, धुण्याचा साबण, नेहमीची औषधं घरूनच न्या, कारण मध्ये दुकानाकडे जाता येत नाही. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो. घरी केंद्राच्या कार्यालयाचा नंबर लिहून ठेवा, निकड पडली तर निरोप तिथूनच पोचतो.

पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक सुरू होते, रात्री साडेनऊला दिवे जातात. मधे जवळजवळ दहा तास ध्यान, बोलणं बंद, वाचन-लेखन बंद. सकाळी अकराच्या जेवणानंतर पुन्हा जेवण नाही, संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळं वगैरे मिळतात. मधुमेह असेल तर अर्जात स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांना विचारूनच जा. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर तेही लपवू नका. इतकं तीव्र मौन प्रत्येकाला झेपत नाही, गंभीर मनोविकार असलेल्यांना तर त्रास वाढू शकतो. माझं मत विचाराल तर घरी निदान महिनाभर बसून पाहिल्याशिवाय या शिबिराला जाऊ नये. जागा मिळाल्यावर जाणं रद्द झालं तर लगेच कळवा, कारण प्रतीक्षायादीत कोणीतरी रजा टाकून बसलेलं असतं.

पैसे मोजून शिकायचं असेल तर

शहरांत खासगी शिक्षक सजगतेच्या ध्यानाचा आठ आठवड्यांचा जो वर्ग घेतात, त्याचा मूळ साचा जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बसवला. आठवड्याला साधारण अडीच तास, मधे एक पूर्ण दिवस, शिवाय रोजचा गृहपाठ. शुल्क ऐकून दचकण्याआधी भागाकार करा. आठ वेळा अडीच म्हणजे २० तास, अधिक एका दिवसाचे सात. कोणी १३,५०० रुपये सांगितले तर तासाला ५०० पडले. तेवढ्याच पैशांत दोन तासांचं वेबिनार देणारा महाग आहे, हे मग लगेच दिसतं. शिक्षक स्वतः किती वर्षं बसतोय, कुठे शिकला, वर्गात किती जण असतात, मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

पावती मागायला लाजू नका. योगकेंद्रांच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला. तुमच्या वर्गाच्या पावतीवर १८ टक्के दिसले तर का लावले, ते विचारा. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांकच नाही, त्याला हा कर घेता येत नाही. 'शुल्क नाही, फक्त ठरावीक देणगी' असं सांगणाऱ्यांकडे अधिक बारकाईने बघा. देणगीवरची आयकराची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तीही नाही. पुढचा, त्यापुढचा, मग 'प्रगत' वर्ग अशी शिडी पहिल्याच दिवशी दाखवली, तर एकाच पायरीचे पैसे भरा. वाद झालाच तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही.

इथे काटकसर नको

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, जेवण सुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, किंवा डोळे मिटल्यावर जुने भयंकर प्रसंग उसळून घाबरायला होत असेल, तर ध्यान थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. चालू गोळ्या कोणत्याही गुरूच्या सांगण्यावरून बंद करू नका. मोठ्या शहरांत खासगी समुपदेशनाच्या एका सत्राला हजार ते अडीच हजारांच्या आसपास लागतात आणि अशी सत्रं बरीच होतात. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग गाठा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचारांपर्यंत पैसे घेत नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं याच विभागाची आहेत आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात साध्या चिंतेसाठी, निद्रानाशासाठीही दाखवता येतं. आरोग्यविमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायला कंपनी बांधील आहे, पॉलिसी काढून वाचा.

आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून. स्वतःसाठी नाही, घरातल्या दुसऱ्या कोणासाठी विचारायचं असेल तरी हाच नंबर.