पहिला पगार हातात येईपर्यंत

प्रश्न : मी मूळचा बेळगावचा. बेंगळुरूत पीण्यातल्या कारखान्यातली १८ हजारांची नोकरी गेली. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) अटल योजनेची बेरोजगारांसाठीची मदत चालू आहे. आता २४ हजारांची नोकरी मिळतेय. पैशांचं गणित कसं बसवू?

उत्तर : अभिनंदन! ती मदत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के आणि आयुष्यभरात मिळून जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. तुमच्या हिशेबाने दिवसाला साधारण ३०० रुपये. रुजू झाल्याच्या तारखेपासून ती घेता येत नाही; त्यामुळे ती तारीख ईएसआयच्या शाखेत लगेच कळवा.

खरी ओढाताण त्यानंतरची. पगार महिना भरल्यावर येणार; भाडं, बसचा पास, डबा मात्र पहिल्या दिवसापासून. घरमालकाला आधीच भेटून तारीख मागून घ्या. उसनवारी करायचीच तर घरच्यांकडून. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या नादी लागू नका. २४ हजार पूर्ण हातात पडतील असंही धरू नका. मूळ पगार १५ हजार असला, तर १,८०० रुपये पीएफलाच जातील.

आणखी एक, बहुतेकांच्या लक्षातच येत नाही ते. ईएसआयची पगारमर्यादा २१ हजारांची. म्हणजे पगार वाढला आणि दवाखान्याचं छत्र गेलं! कंपनीचा आरोग्य विमा आहे का, कुटुंब त्यात बसतं का, हे रुजू होण्याआधी विचारा. नसेल तर पहिल्या पगारातून विमा, मोबाइल नंतर.

जुना पीएफ काढू नका. यूएएन (पीएफचा क्रमांक) तोच देऊन रक्कम नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षं भरण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो. वळवलात तर जुनी वर्षंही त्यात धरली जातात.