काचेतील समुद्र

मुंबईच्या पूर्व कडेस, ठाण्याच्या खाडीच्या मुखाशी ट्रॉम्बे वसले आहे. जुनी माणसे त्यास तुर्भे म्हणत. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास कोळीवाडा व धक्का, आणि काठाने तिवरांची दाट झाडी. ओहोटी लागली की दूरवर चिखल उघडा पडतो, व हिवाळ्यात त्या खाडीत हजारो रोहित पक्षी उतरतात. अशा गावी राहणाऱ्या एखाद्या मुलाच्या मनात आले, की आपल्या घरी काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्यातील रंगीत मासे पाळावेत, तर त्याला पाण्याची काय वाण? बादली घेऊन धक्क्यावर जावे आणि समुद्र घरी आणावा, असे कोणासही वाटेल.

परंतु तसे करून चालत नाही. खाडीचे पाणी गाळाने गढूळ असते. पावसाळ्यात त्यात गोड्या पाण्याचे लोट येऊन मिसळतात व त्याचा खारटपणा उतरतो. शिवाय एवढ्या मोठ्या शहराचे सांडपाणी शेवटी तेथेच येते. बोय आणि निवट्या यांना हे सारे मानवते. निवट्या तर चिखलावर उड्या मारीत हिंडतो! पण प्रवाळांच्या खडकांत राहणारे मासे निराळ्या मुलखातले. त्यांना नितळ, ऊबदार आणि बाराही महिने सारखेच खारट असे पाणी हवे. म्हणून समुद्राकाठच्या घरातही हा समुद्र हातानेच बनवावा लागतो.

तो बनविण्याची रीत ऐका. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तेव्हा शंभर लिटरच्या पेटीस साडेतीन किलो क्षार लागणार. स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगी पडत नाही, कारण समुद्रात नुसते मीठ नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशांचे क्षारही ठराविक प्रमाणात असतात. ते सर्व असलेले तयार मिश्रण बाजारात मिळते. ते शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात घालून रात्रभर ढवळत ठेवावे लागते. पुढे एक गंमत होते. पेटीतील पाणी रोज थोडे उडून जाते, पण क्षार मागेच राहतात आणि उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर घालावयाची ती खाऱ्या पाण्याने नव्हे, गोड्या पाण्याने!

मुंबईकरांना काचेआडचा समुद्र दाखविणारे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली मरीन ड्राइव्हवर उघडले. त्याचे नूतनीकरण होऊन 2015 साली ते पुन्हा सुरू झाले, आणि कोविडच्या साथीत त्याची दारे पुन्हा मिटली. परंतु घरातला समुद्र ही कल्पना याहून शंभर वर्षे जुनी आहे. 1846 साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. त्यांच्यापाशी ना पंप, ना वीज. ठेवलेले पाणी कोंदू लागले, तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती केली. उघड्या खिडकीपाशी बसून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतावयाचे, पुन्हा उलट ओतावयाचे, असा क्रम त्यांनी सुरू केला. हे काम बहुधा त्यांच्या घरच्या मोलकरणीकडे असे. रोज अर्धापाऊण तास ती पाण्यात हवा मिसळत राही, आणि प्रवाळ जगले. इतिहासात नाव मात्र मालकिणीचे राहिले.

ही गोष्ट सांगण्यास कारण आहे. आज मोलकरणीचे ते काम विजेवर चालणारा पंप करतो. तो रात्रंदिवस पाणी खेळते ठेवतो. पण वीजच गेली तर?

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व उपनगरांतील वीज एकाएकी गेली. आगगाड्या रुळांवर थांबल्या, दिवे विझले, उद्वाहने मध्येच अडकली. ट्रॉम्बेत तर विजेचे मोठे केंद्रच आहे. तरीही वीज वाहून नेणाऱ्या जाळ्यात बिघाड झाला म्हणजे केंद्राशेजारचे घरदेखील अंधारात राहू शकते. काही भागांत वीज दोनतीन तासांत आली, काही ठिकाणी तिला पुष्कळ अधिक वेळ लागला. अशा दिवशी घरी कोणी नसताना एखाद्या काचपेटीत काय घडते, ते आपण पाहू.

27 अंश उष्णतेच्या एक लिटर समुद्राच्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. गोड्या पाण्यात तो याहून थोडा अधिक मावतो. ही शिदोरी मुळातच अपुरी. पंप थांबला की नवा प्राणवायू पाण्यात उतरणे जवळजवळ बंद होते, पण श्वास घेणारे थांबत नाहीत. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. बहुधा मोठा मासा आधी जातो, कारण त्याला प्राणवायू अधिक लागतो. तो तळाशी पडून कुजू लागतो आणि त्यातून अमोनिया नावाचे विष पाण्यात सुटते. त्या विषाने दुसरा मासा मरतो, त्याच्यापासून आणखी विष! संध्याकाळी घरची माणसे येतात तेव्हा सकाळचे नितळ पाणी दुधाळ झालेले असते व त्यास घाण येत असते.

घरी कोणी असते, तर हे टळले असते काय? बहुतांशी टळले असते. एक लोटा घ्यावा, पाणी भरून वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीतच ओतावे, आणि दर थोड्या वेळाने असे करीत राहावे. लंडनच्या त्या मोलकरणीची हीच रीत. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप मिळतो, तोही अशा घरी असावा. अशा वेळी माशांना खाणे मात्र मुळीच घालू नये.

आता बिघडलेला समुद्र पुन्हा उभा कसा करावयाचा? पेटी नवी घ्यावी, दगड नळाखाली स्वच्छ धुवावेत, नवे मासे आणून सोडावेत, असे उतावळ्या माणसास वाटते. असे केले तर नवे मासेही आठवड्याभरात मरतात. कारण त्या पेटीचे खरे रहिवासी मासे नसून, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात. ते दगडांच्या सूक्ष्म छिद्रांत राहतात. 1890 च्या सुमारास झुरिच येथे सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने मातीतील अशा जीवाणूंचे कार्य उलगडून दाखविले. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात माशांना सोसवते. समुद्रातही हीच साखळी चालते. नळाच्या पाण्यात रोगजंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो. त्याला रोगजंतू कोणते आणि आपले हे मित्र कोणते, हे कसे कळावे? म्हणून दगड धुवावयाचे ते खाऱ्या पाण्यातच.

पहिले काम मेलेले जीव वेचून काढण्याचे. शंखातला खेकडा, एखादी गोगलगाय असे कोणी तगून राहिले असतील, तर त्यांना ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवून त्यात हवा सोडावी. पेटीतले बहुतेक पाणी बदलावे. दगडांस घाण येत असेल, तर ते वेगळ्या पिंपात, खेळत्या खाऱ्या पाण्यात, अंधारात ठेवावेत. आतील कुजके संपावयास कित्येक आठवडे लागतात. मग दगड पेटीत रचून पाणी भरावे आणि चिमूटभर खाणे टाकावे. कोणाला, म्हणाल? मासे तर नाहीत! ते खाणे कुजून जो अमोनिया निघेल, त्यावर जीवाणू वाढतात.

यानंतर करावयाचे ते वाट पाहणे. दर दोनतीन दिवसांनी परीक्षानळीत थोडे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात व रंगावरून विषाचे प्रमाण ओळखतात. आरंभी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढतो. दोन्ही शून्यावर येण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे जातात. या काळात पेटी मुळीच सुंदर दिसत नाही. दगडांवर व वाळूवर आधी तपकिरी थर चढतो, मग हिरवे शैवाल दाटते. पाहुणे येऊन नाके मुरडतात. शैवाल आले की गोगलगाई सोडाव्यात, त्या ते खातात. काही महिन्यांनी दगडांवर गुलाबी, जांभळे असे टणक शैवालाचे ठिपके दिसू लागतात, तेव्हा पेटी स्थिरावली असे जाणकार समजतात.

येथे एक प्रश्न तुम्ही विचाराल. ॲना थिनबाईंसारखे आपणही प्रवाळ आणून त्या दगडांवर लावावेत काय? नाही. प्रवाळ म्हणजे दगड किंवा झाड नव्हे. तो असंख्य चिमुकल्या प्राण्यांचा गाव असतो, आणि आपले चुनखडीचे घर तो वर्षाला काही मिलिमीटर किंवा फार तर काही सेंटिमीटर वाढवितो. आपल्या देशात 2001 सालापासून खडक रचणाऱ्या प्रवाळांना, वाघाप्रमाणेच, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते समुद्रातून काढता येत नाहीत. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सागरी किनारा मार्ग बांधताना वरळी व हाजी अली येथे ते आढळले. तेव्हा वनखात्याची परवानगी काढून, नोव्हेंबर 2020 मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्यांच्या अठरा वसाहती उचलून मुंबई किनाऱ्यावरच सुरक्षित जागी नेण्यात आल्या. कुलाब्याचे नेव्हीनगर ही त्यांतील एक जागा. अठरा वसाहती हलविण्यास एवढा खटाटोप करावा लागला, यावरून एक तुकडा तोडून पिशवीत घालणे हा केवढा अन्याय आहे, हे ध्यानात येईल.

तेव्हा घरच्या पेटीत साधे सच्छिद्र दगडच रचावेत; जीवाणू व शैवाल त्यांना हळूहळू जिवंत करतात. मासे घ्यावयाचे तेही समुद्रातून पकडलेले नकोत, टाक्यांत जन्मलेले घ्यावेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा अशा रीतीने वाढविता येतो. त्याची पिल्ले तयार करण्याचे काम खाडीपलीकडे, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही झाले आहे.

मासा आणला म्हणजे पिशवी उघडून लगेच ओतू नये. पिशवी पेटीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवावी, म्हणजे आतबाहेरची उष्णता सारखी होते. मग थोड्या थोड्या वेळाने पेटीतील वाटीभर पाणी पिशवीत घालावे, म्हणजे खारटपणाचाही एकदम धक्का बसत नाही. नंतर हलक्या जाळीने मासा पेटीत सोडावा व दिवा मालवावा. पहिला दिवसभर तो दगडाआड दडून राहील. दुसरा मासा आणण्यापूर्वी निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत, आणि तोवर परीक्षानळीतील रंग पाहत राहावे.