घाट उतरताना नख काळं पडतं

प्रश्न : वय ४२. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. यवतेश्वरचा घाट उतरताना अंगठ्याचं नख काळं पडतं. महागडे बूट घ्यावेत का?

उत्तर : किमतीआधी माप बघा. उतारावर पाय पुढे सरकतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि नखाखाली रक्त साकळतं. बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात, लांब पळतानाही फुगतात. पळतानाचेच मोजे घालून उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असं नाही) अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. दोन्ही पायांत फरक असेल तर मोठ्याचं माप धरा. चवडा रुंद असेल तर लांबी वाढवत बसू नका, त्याच मापात ‘टू-ई’ रुंदीचा जोड मागा. घोट्याजवळचं शेवटचं भोक बहुतेक जण रिकामं ठेवतात. त्यातून लेस ओवली की टाच जागची हलत नाही. महागड्या, कार्बन प्लेटच्या बुटांची तुम्हाला गरज नाही. दुकानात चार पावलं पळा. बोचला तर तो बूट सोडा, विक्रेता काहीही म्हणो. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड बदला. आणि शर्यतीच्या दिवशी कोरे बूट कृपया घालू नका.