शिडांचे दोन जोड कशाला?

प्रश्न : इंग्लंडमधल्या भाचीने तिकडच्या जुन्या याटच्या विक्रीच्या जाहिराती दाखवल्या. शिडांची यादी हातभर लांब, त्यातही शर्यतीची वेगळी आणि सहलीची वेगळी. एकाच होडीला शिडांचे दोन जोड कशाला लागतात?

उत्तर : कारण होडी एकच असली तरी तिला दोन संसार असतात. बेनेटो या फ्रेंच कंपनीची ‘फर्स्ट ४०.७’ घ्या. ब्रूस फार यांच्या कार्यालयाने आखलेली, सुमारे १२ मीटर लांबीची. शनिवार-रविवारी ती शर्यतीत धावते आणि सुट्टीत मालकाचं कुटुंब तिच्यातच राहतं. आत बिछाने, शेगडी, संडास, सगळं.

शर्यतीच्या शिडात कार्बनचे किंवा केवलारचे धागे पातळ पापुद्र्यांमध्ये चिकटवलेले असतात. ते ताणलं जात नाही, आकार धरून ठेवतं, म्हणून वेग मिळतो. पण ऊन, घड्या आणि फडफड यांनी ते लवकर कामातून जातं. सहलीचं शीड विणलेल्या पॉलिएस्टरचं. हळूहळू त्याचं पोट सुटतं, तरी ते वर्षानुवर्षं टिकतं. शर्यतीची शिडं जुनी असतील तर मी ती किमतीत धरणार नाही, यादी कितीही लांब असो.

खरी मेख यादीबाहेर असते : ही होडी तळाला किती वेळा आपटली? अशा याटच्या पोटाखाली कील म्हणजे धातूचं भलं जड पातं बोल्टांनी बसवलेलं असतं. ‘फर्स्ट ४०.७’मध्ये कवचाला आतून बळकटी देणारा सांगाडा चिकटवलेला असतो. आपटल्यावर तो जोड सुटू शकतो, आणि वरून काहीच दिसत नाही. मे २०१४मध्ये याच बनावटीची ‘चीकी रफीकी’ अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतत होती. अटलांटिकमध्ये तिची कील निखळली. चारही ब्रिटिश खलाशी गेले. उलटी तरंगणारी होडी सापडली तेव्हा जीवरक्षक तराफा जागच्या जागी बांधलेलाच होता. पूर्वीच्या आपटण्यांनी आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी कीलचा जोड कमजोर झाला असावा, असं ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने म्हटलं.

त्यामुळे जाणता गिऱ्हाईक आधी तज्ज्ञ बोलावतो. होडी पाण्याबाहेर काढली जाते, कीलच्या सांध्यावरच्या भेगा तपासल्या जातात, आतल्या फळ्या उचलून बोल्टांभोवती पाहिलं जातं. डोलकाठीच्या तारा किती वर्षांच्या, हेही विचारलं जातं, कारण विमा कंपनी ते विचारतेच. या पाहणीचा खर्च सहसा घेणाऱ्याच्याच खिशातून जातो.