पिल्लू आणण्याआधी, पोरा

पोरा, मोबाईलवर बेल्जियन कुत्र्यांचे व्हिडिओ बघून तुझं मन त्यात अडकलंय, हे घरात सगळ्यांना कळलंय. आण कुत्रं, माझी ना नाही. पण पैसे मोजायच्या आधी आमच्यासारख्यांनी मेंढरांमागं फिरून जे बघितलं ते कानात घालून ठेव.

आधी त्या बेल्जियनचं समजून घे. कुत्रं एकच आहे, अंगरखे चार. लांब काळ्या केसांचा तो ग्रोनेन्डाल. केस लांबच, पण तांबूस आणि टोकाला काळे असले की टर्व्हूरेन. आखूड तांबूस केसांचा, काळ्या तोंडाचा तो मेलिनॉइस, म्हणजे तुझा व्हिडिओतला. चौथा राठ, विस्कटल्या केसांचा लाकेनॉइस, तो आपल्याकडं दिसायचा नाही. १८९१ साली ब्रसेल्सच्या पशुवैद्यक शाळेत आडोल्फ रल नावाच्या प्राध्यापकानं शंभरावर मेंढपाळी कुत्री गोळा करून तपासली. हाडपेर सगळ्यांचं सारखं, फरक केसांचा आणि रंगाचा. नर खांद्याला साधारण ६२ सेंटीमीटर, वजन २५ ते ३० किलो. आखूड केसांच्या आईबापांनाही एखादं लांब केसांचं पिल्लू होतं, त्यामुळं नुसत्या केसांवरनं भेसळ म्हणू नकोस. भेसळ बघायची तर पाठ बघ. मेलिनॉइसची पाठ सपाट, लांबी-उंची जवळजवळ सारखी. पाठ मागं उतरलेली आणि वर काळी झूल असली, तर जर्मन शेफर्डचं रक्त आहे. विकणारा काहीही नाव सांगेल.

आता आपल्याकडचं बघ. कारवानी आणि पश्मी यांच्यातला फरकही तसलाच, केसांचा. कारवानी गुळगुळीत, पश्मीच्या कानाला, पायाला, शेपटीला रेशमासारखी झालर. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी जोपासलं म्हणून तेच कुत्रं मुधोळ हाउंड झालं. २००५ साली पोस्टानं त्याचं तिकीट काढलं, आणि केनेल क्लबच्या कागदावर ते कॅरव्हान हाउंड आहे. नाव बदललं की भाव बदलतो, तेवढं ध्यानात ठेव. निमुळतं लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, कंबरेची हाडं वर आलेली. नवखा माणूस म्हणतो, ह्याला खायला घालत नाहीत. तसं नसतं, तब्येतीचं कारवानी असंच दिसतं. चरबी चढवशील तर पळणं जाईल. अंगावर केस विरळ आणि कातडी पातळ, म्हणून पौषातल्या थंडीत खाली पोतं टाकायचं. ते नजरेनं धावणारं कुत्रं, हललं की सुटतं. सशावर मात्र सोडू नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

धनगरी कुत्रं ह्या दोघांपेक्षा निराळं. इथं फरक केसांचा नाही, कामाचा आहे. बेल्जियमचं कुत्रं कळपाभोवती पळून मेंढरं वळवतं. आपली मेंढरं माणसाच्या शिट्टीवर आणि हाकेवर चालतात, कुत्र्याचं काम रातचं. मेंढरं वाघरीत कोंडली, माणसं घोंगडं ओढून पडली, की ते बाहेर फिरत राहतं. लांडग्याचा वास लागला की भुंकून वाडा उठवायचा, एवढी एकच नोकरी. त्याला छाती रुंद पाहिजे, आवाज जाड पाहिजे, आणि मेंढराकडं बघून तोंडाला पाणी सुटता कामा नये. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की कोकरांच्या संगतीतच ठेव. घरात लाडात वाढवून मग कळपात नेलं तर कोकरांच्या मागं लागतं. असलं पिल्लू दुकानात मिळत नाही. आरेवाडीच्या बिरोबाच्या जत्रेला जुनी माणसं भेटतील, त्यांना विचार. आई वाड्यावर काम करताना बघितल्याशिवाय पिल्लाला हात लावू नकोस.

म्हणून माझं म्हणणं असं. मेंढरं असतील तर धनगरी. द्राक्षबागेला राखण हवी असेल तरी इथलंच घे. मेलिनॉइस हुशार आहे, सीआरपीएफ आणि एनएसजी त्याला उगाच ठेवत नाहीत, पण तिथं त्याच्यामागं शिकवणारा माणूस कायम असतो. तू दिवसभर फवारणीत आणि ते खुंट्याला, म्हणजे चार महिन्यांत पावणेरावळ्यांना चावायला लागेल. रोज दोन तास त्याला देणार असशील तर घे, नाहीतर सोड.

आणि बागेचं निघालंच आहे तर हे नीट ऐक. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषारी. आपल्या कवठ्याच्या शिवारात हे सगळ्यांनाच ठाऊक पाहिजे, पण कित्येक घरांत पोरं लाडानं मणी चारतात. मूत्रपिंडं निकामी होतात. किती खाल्लं तर चालतं याचं माप नाही, एखादं ओंजळभर खाऊन ठणठणीत राहतं तर एखादं थोडक्यातच जातं. उलट्या झाल्या, सुस्त पडलं, लघवी थांबली, असं होईपर्यंत वाट बघायची नाही. खाल्लंय एवढं कळलं की तसंच गाडीवर घालून डॉक्टरकडं. बेदाणा शेडमध्ये कुत्रं बांधू नकोस, वेलीखाली गळलेले मणी गोळा करून टाक.

मेलेल्या मेंढराची कच्ची मुंडी कुत्र्यापुढं टाकायची नाही. मेंदूतल्या फोडातनं जंत कुत्र्याच्या पोटात जातात, त्याच्या विष्ठेतनं परत गवतावर येतात, मग धडधाकट मेंढरू मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरायला लागतं. लोक त्याला बाहेरचं झालं म्हणतात. मुंडी पुरून टाक आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंताचं औषध दे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढं दरसाल, कुत्रं धनगरी असो नाहीतर बेल्जियन.